थर्मामीटरवरचे सात ओरखडे

प्रिय टिकटिक,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकली असशील. सहा महिने ज्या बापाने फोनवर 'थांब, आईला देतो' यापलीकडे शब्द काढला नाही, तो चक्क पत्र लिहितोय. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. आईचीही. तिने परसातली भिंत रंगवायला काढली आहे. तिच्या मते रंग आकाशी आहे, माझ्या मते ओल्या फडक्याचा.

दुकान बरं चाललंय. शेजारचा चष्मेवाला रोज चहाला येतो आणि वाचनालयातल्या त्या सभेचा विषय काढतो. तू व्यासपीठावर हवामानाची तज्ज्ञ, मी पहिल्या रांगेत घड्याळजी. हवा तापतेय ती माणसाच्या धुरामुळे की निसर्गाच्या लहरीने, यावर लोक हमरीतुमरीवर आले होते. तेव्हा मी वही उंच धरून उठलो. परसातल्या थर्मामीटरची एकवीस वर्षांची नोंद, एक दिवस चुकलेला नाही. म्हटलं, अहो, कारणं कसली शोधता, मुळात तापलंच नाहीये! काय टाळ्या पडल्या! आणि तू माईकवर शांतपणे म्हणालीस, बाबा, तुमचा थर्मामीटर चुकतोय. लोक हसले. सगळ्यांची घड्याळं बिनचूक लावणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीने भर सभेत असं म्हणावं, हे फार जिव्हारी लागलं. चष्मेवाला तेव्हापासून मला त्याच्या, म्हणजे माणसाचा काही दोष नाही म्हणणाऱ्यांच्या, बाजूचा पुढारी मानतो. खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटायची. पण तू सुट्टीला आली नाहीस, आईने तुझ्या खोलीत शिलाई मशीन मांडलं, आणि मजा ओसरली.

तर परवा रंगकामासाठी आईने थर्मामीटर उतरवला आणि माझ्या टेबलावर आणून आदळला. तुला ठाऊकच आहे, लाकडी पट्टीवर आकडे आणि क्लिपांत अडकवलेली काचेची नळी. सवयीने भिंग डोळ्याला लावलं. नळीच्या टोकाशी लाकडावर बारीक ओरखडे, एकाखाली एक, सात. माझेच. वर्षअखेरीला मी सरासरी काढून पहिल्या वर्षाशी ताडून पाहायचो. जास्त आली की हा पुढे पळतोय म्हणून नळी केसभर खाली सरकवायचो आणि टोकाशी खुणेचा ओरखडा काढायचो. पुढे गेलेलं घड्याळ मागे आणायचं, जन्मभर दुसरं केलंय काय मी! पण त्या नळीत ना स्प्रिंग, ना चाक. ती पळणार कशी? आणि एकवीस वर्षांत एकदाही तिला वर सरकवावं लागलं नव्हतं. बिचारी खरं सांगत होती आणि मी तिला गप्प बसवत होतो. मी एवढा हसलो की आई ब्रश घेऊन धावत आली. ऐकून म्हणाली, मलाही तुम्ही अशीच केसभर मागे सरकवत आलात.

मग मात्र हसू गेलं. मागचं झाकण उघडल्याशिवाय मी कधी कुणाच्या घड्याळाचा दोष सांगितला नाही, आणि अख्ख्या आभाळाचा निकाल मात्र उठून देऊन टाकला. तू चुकीचं काहीच बोलली नव्हतीस, पोरी.

येत्या शनिवारी वाचनालयात पुन्हा सभा आहे. चष्मेवाल्याने पहिला वक्ता म्हणून माझं नाव दिलंय आणि मी ते मागे घेतलेलं नाही. ती पट्टी घेऊन उभा राहणार आहे, भिंगासकट. ज्याला हवं त्याने ओरखडे मोजावेत. चष्मेवाला चहाला यायचा थांबेल, थांबू दे. हवा का तापतेय तेही तुझ्याकडून पहिल्यापासून ऐकेन, मध्ये न बोलता, जमेल तेवढं. माफी फोनवरही मागता आली असती. पण तुला खोटं मी चारचौघांत पाडलं, तर खरंही चारचौघांतच म्हणायला हवं. म्हणून हे पत्र. तू ये. पहिल्या रांगेतल्या माझ्या खुर्चीवर बस. तू समोर नसलीस, तर बोलता बोलता मी पुन्हा केसभर सरकेन, याची भीती वाटते.

तुझाच,
बाबा