‘नको’ नावाचं फोल्डर

मंगळवार, संध्याकाळ

पीएच.डी.च्या गाईड मॅडम आज माझ्या मायक्रोस्कोपच्या फोटोवर खूश. पेशीतले इन्सुलिनचे हिरवे ठिपके कडेला येऊन बाहेर पडताना दिसतायत. म्हणाल्या, "अगदी पुस्तकातली पेशी! परिषदेच्या पोस्टरवर हीच घे." मी हसले. का हसले?

येताना बस स्वारगेटच्या तोंडाशी अडकली, दार बंद. एक बाई कंडक्टरवर कडाडल्या, "अहो, पोचलो ना? उतरवायला मुहूर्त बघताय का?" मला एकदम ‘नको’ आठवलं. बिघडलेले फोटो मी त्या फोल्डरमध्ये टाकते.

घरी आल्याआल्या उघडलं. तेरा पेशी. तेराही पेशींत ठिपके कडेपाशी येऊन अडकलेत. फोटो बिघडले नव्हते. मला नको ते दाखवत होते.

फोल्डरचं नाव बदललं: ‘मॅडमना दाखवणे’. मग पोस्टर उघडलं आणि तीच पुस्तकातली पेशी मधोमध बसवली.