आबांनी सांगितलेला नंबर

आबा, पाया पडते.

हे पत्र टाकणार न्हाय. पाकिटावरचा शिक्का बघून दादा आमचा ठिकाणा काढंल.

तुमची मोटारसायकल घेऊन मी अन् प्रसेनजित अणदूरातून पळालो, त्याच दुपारी मुरुमच्या नाक्यावर पोलिसांनी अडवलं. गाडीचोरीची तक्रार आली होती. हवालदारानं तक्रारीचा कागद बघितला, गाडीची पाटी बघितली अन् म्हणाला, "नंबर वेगळा हाय. जावा."

मी एकवीस वर्षांची, मर्जीनं गेलेली; पोरगी पळवल्याची तक्रार टिकली नसती. म्हणून सुट्टीला पुण्याहून आलेल्या दादानं तुम्हाला गाडीची तक्रार द्यायला लावली असणार, अन् नंबर तुम्हीच सांगितला असणार. पण आबा, दीडशे मेंढरांतलं एकेक मेंढरू तोंडावरून वळखणारा माणूस दहा वर्षं वापरलेल्या गाडीचा नंबर चुकत न्हाय.

आमचं लग्न नोंदवून झालं. प्रसेनजित गॅरेजात कामाला लागलाय. काल गाडी धुताना तुमची काठी अडकवायची कडी काढायला निघाला होता. म्या म्हटलं, राहू दे. आबा मागं बसतील तवा लागंल.

तुमच्याच कळपातली,
अयोध्या