आईला येणारं एक अक्षर

॥ श्री ॥

काळाचौकी, मुंबई
ता. २२ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप दादास,
धाकट्या कालिंदीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. थंडीने बोटं आखडतात म्हणून अक्षर वाकडं येतं, असं लिहिलं आहेस. सुभेदारसाहेब, तुमचं अक्षर चौथीतही असंच होतं, काश्मीरच्या थंडीला उगाच दोष देऊ नये. माझ्या वर्गातली पोरं याहून बरं लिहितात.

इकडे सगळी खुशाल. द्विभाषिक राज्य आमच्या माथी मारल्यापासून चाळीत रोज समितीची सभा नाहीतर मोर्चा. आईचं म्हणणं असं की दौलत तिकडे सुखरूप आहे, बंदुका तर लालबागेत उडतात. गेल्या जानेवारीतला गोळीबार तिच्या मनातून जात नाही. मला शाळेतून यायला जरा उशीर झाला की ती जिन्यात येऊन बसते.

तुझं पत्र आल्यावरची तिची तऱ्हा मात्र तुला सांगायलाच हवी. तिला आणि सुभद्रावहिनीला अक्षरओळख नाही, आणि मी घरी येईपर्यंत धीर निघत नाही. मग आई पोस्टमनकडून पत्र घेते, उघडते आणि माथ्यावरच्या श्रीवर बोट ठेवते. तेवढं एक अक्षर तिला येतं. तू बर्म्याच्या लढाईत होतास तेव्हा शेजारच्या लक्ष्मीकाकूंना त्यांचा मुलगा गुणाजी तिथेच गेल्याचं पत्र आलं. त्यावर श्री नव्हता. अशुभ पत्रावर तो लिहीत नाहीत, हे आईला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून श्री दिसला की तिचा दौलत जिता आहे. आतला मजकूर संध्याकाळी ऐकला तरी तिला चालतो.

पुढच्या महिन्यात इथे दीक्षा आहे, बाबासाहेब येणार आहेत. आईला विचारलं तर म्हणाली की ते सांगतील ते खरं, पण खंडोबाने माझ्या दौलतला बर्म्यातून परत आणलं, त्याला काय सांगायचं? याचं उत्तर तुला सुचलं तर लिही.

आहे तशीच माया राहू दे.
तुझी
कालिंदी


नमो बुद्धाय

कॅम्प, काश्मीर
ता. १६ डिसेंबर १९५६

चि. कालिंदीस,
दौलतचे अनेक आशीर्वाद.

बाबासाहेब गेल्याचं आम्हांला रेडिओवर कळलं. रजा मागितली. साहेब भला माणूस, पण मी दादरला पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल, हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही. सुभेदाराने जवानांसमोर रडू नये, असं मीच सगळ्यांना शिकवत आलो. त्या संध्याकाळी ते शिकवणं पार वाहून गेलं.

चौपाटीवर त्यांच्या चितेसमोर लाखो लोकांनी दीक्षा घेतली आणि तुम्ही तिघीही त्यात होतात, हे तुझ्या कार्डावरून कळलं. आईने हात जोडून सगळ्यांबरोबर शब्द म्हटले, हे वाचून फार बरं वाटलं. इथे आम्ही नऊ जणांनी साहेबांच्या परवानगीने तंबूत फोटोसमोर दिवा लावला, त्रिशरण, पंचशील म्हटलं, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मी पलटणीत भरती झालो तेव्हा एक शपथ घेतली होती. ही दुसरी. दोन्ही मरेपर्यंत पाळायच्या आहेत. वर श्री घातला नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. आता तो माझ्या हातून व्हायचा नाही.

खंडोबाचं आईने विचारलं आहे. तिला सांग, मला बर्म्यातून तिच्या काळजीनेच ओढून आणलं. पण बळजबरी करू नकोस. देव्हारा राहिला तर राहू दे, फेब्रुवारीत रजेवर आलो की मी तिच्याशी बोलेन. सुभद्रेला सांग, लोकरी शाल घेऊन ठेवली आहे.

आईची प्रकृती सांभाळा आणि मला विसरू नका.
तुझा
दादा


नमो बुद्धाय

काळाचौकी, मुंबई
ता. ५ जानेवारी १९५७

ती. दादास सविनय जयभीम.

आम्ही तिघीही जिवंत आहोत, हे आधी लिहिते. आता सावकाश वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शाळेत होते आणि वहिनी नळावर. आईने ते घेतलं, उघडलं, वर बोट ठेवलं. श्री नव्हता. तिथे दुसरंच काही लिहिलेलं होतं, ते तिला कुठून वाचता येणार? तिने हंबरडा फोडला तो खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. पुरुष गिरणीत, पोरं शाळेत, आणि अशा वेळी पत्र वाचून घ्यायला कोण थांबतंय? शेजारच्या म्हाताऱ्या जमल्या. वहिनी पाण्याची कळशी घेऊन वर आली तशी त्यांनी तिचं कुंकू पुसलं, उंबऱ्यावरच तिच्या बांगड्या फोडल्या.

मी आले तेव्हा वहिनी कोपऱ्यात बसलेली होती. मनगटातून रक्त येत होतं, तेही तिला कळत नव्हतं. मी पत्र वाचलं, मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं. बायका रडता रडता हसायला लागल्या. लक्ष्मीकाकूंनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. पण आई तोवर आडवी झाली होती. अर्धांगवायू आहे. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर रोज येतात, फार काही बोलत नाहीत.

खोटं कशाला सांगू, पहिले दोन दिवस मला तुझा राग आला. मी तुला एवढं लिहून कळवलं होतं. मग वाटलं, श्री सोडणारी मीही आहे. तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं, आणि माझ्याही ध्यानात आलं नसतं.

पण दादा, आईला तू गेलास असंच वाटतं. तुझं पत्र वाचून दाखवलं, तू धर्मासाठी श्री सोडलास हे सांगितलं. तिला वाटतं आम्ही तिची समजूत घालतोय. एकदा मी पाटीवर श्री काढून पुढे धरला, तर मान फिरवली. तुझ्या हातचा वाकडा श्री ती ओळखते, माझा नाही. जेवताना पहिला घास डाव्या हाताने ताटाबाहेर ठेवते आणि खिडकीकडे बघत राहते. तो कावळ्यासाठी आहे, तुझ्या नावाचा. मला ते बघवत नाही. वहिनीने नव्या बांगड्या भरल्या नाहीत. म्हणते, आई मानतील तेव्हाच भरीन.

तुला येता आलं तर ये. येता आलं नाही तर एका पानावर तुझ्या हाताने श्री लिहून पाठव. मनाला पटत नसेल तर नको लिहूस, मी कधी बोल लावणार नाही. मीही त्याच प्रतिज्ञा घेतल्या आहेत.

लवकर कळव. वाट बघणारी,
कालिंदी


कॅम्प, काश्मीर
ता. २१ जानेवारी १९५७

चि. कालिंदीस आशीर्वाद.

तुझं पत्र काल हातात पडलं. रजा लगेच मिळाली, पण घाटातला रस्ता बर्फाने बंद आहे. डाक विमानाने जाते, त्यात माणसाला जागा नाही. रस्ता उघडला की त्याच दिवशी निघतो.

शपथ मोडली म्हणून मी जवानांना शिक्षा केल्या आहेत. काल दिवसभर कागद पुढे घेऊन बसलो आणि हात चालेना. माझी आई माझ्या नावाचा घास बाहेर काढते आणि मी इकडे दोन वेळा पोटभर जेवतो, हे सहन होईना. मग माझ्याबरोबर दीक्षा घेतलेल्यांना बोलावून सांगितलं की मी असं असं करणार आहे. शाई गोठली होती. रामू नाईकाने दौत शेगडीवर धरून पातळ केली आणि माझ्यापुढे ठेवली.

सोबत वेगळं पान आहे. त्यावर तेवढं एकच अक्षर आहे. आईच्या हातात दे. आणि हे पत्रही तिला सगळं वाचून दाखव, काही गाळू नकोस. सुभद्रेच्या मनगटाला मलम लाव. तिला काय लिहावं ते मला कळत नाही.

आईला माझा नमस्कार पोचव.
दौलत


नमो बुद्धाय

काळाचौकी, मुंबई
ता. ९ फेब्रुवारी १९५७

ती. दादास सविनय जयभीम.

आई गेली. परवा, गुरुवारी, उजाडायच्या सुमारास. तार केली आहे, पण बर्फात तार आधी पोचेल की हे पत्र, कोण जाणे.

तुझं पान त्याआधी चार दिवस आलं होतं. मी ते तिच्या पुढ्यात धरलं. तिने डावं बोट श्रीवर ठेवलं आणि किती तरी वेळ उचललं नाही. मग मी तुझं पत्र वाचलं. तू सांगितलंस तसं सगळं वाचलं, शपथेचं, शिक्षांचं, रामूने दौत धरल्याचं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उशाशी असलेल्या पाण्याच्या पेल्यात तिने अंगठा बुडवला आणि त्या श्रीवर चोळायला लागली. मला वाटलं हिला अजूनही खरं वाटत नाही, पान काढून घ्यायला गेले तर माझ्यावर डोळे वटारले. सगळी शाई पसरून नुसता निळा डाग उरला तेव्हा थांबली. ते ओलं पान तिने डोळ्यांना लावलं, छातीशी धरलं, आणि वहिनीला खुणेने जवळ बोलावून तिच्या रिकाम्या मनगटावर बोट ठेवलं.

तेव्हा मला उमगलं. तू आहेस हे तिला पटलं होतं. आपल्यापायी तुझी शपथ मोडली, ते मात्र तिला सोसलं नाही. तिला जे करता येत होतं ते तिने केलं.

त्याच दुपारी कासाराला बोलावलं. तो हिरव्या बांगड्या भरत होता तेव्हा आईने वहिनीचं कोपर धरून ठेवलं होतं. संध्याकाळी तिने सगळी पेज घेतली, पहिल्या घासापासून. बाहेर काही ठेवलं नाही. आम्हांला वाटलं आता ही उठणार.

चाळीतल्या सगळ्यांनी त्रिशरण म्हणून तिला नेलं. देव्हाऱ्याला मी हात लावलेला नाही, तू आल्यावर बघू. तू लिहिलेलं पान तुझ्यासाठी जपून ठेवावं असं फार वाटलं, पण ते तिच्या मुठीत होतं. सोडवायला गेले तर बोटं सुटेनात, म्हणून तसंच तिच्याबरोबर जाऊ दिलं.

रस्ता उघडला की ये. आम्ही दोघी आहोत.
तुझी
कालिंदी