टोपलीतलं पिल्लू आणि तुमचा अंगठा

प्रिय आत्या,

सासूला 'प्रिय' लिहिणारी सून तुम्ही कुठं पाहिली असती? जिवंतपणी म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "डोकं फिरलं का काय तुजं?" पण काल तुमचं वर्षश्राद्ध झालं, पंगत उठली, आणि त्यानंतर जे घडलं ते मला गिळता येईना. तुमच्या लेकाला सांगायला गेले तर ते म्हणाले, "झालं गेलं आता कशाला उकरतीस?" मग उरलं कोण? तुम्हीच.

ते बदकाचं पिल्लू आठवतंय ना? आठवणारच. त्याचंच सांगायचं आहे.

बंगल्यातल्या तळ्यावरची बदकं अंडी घालायची आणि तिथंच टाकून निघून जायची. "कसली आया ह्या!" असं म्हणत तुम्ही ती गोळा केलीत. मळवलीला बंगल्यांची राखण करणारे आपल्यासारखे कितीतरी, पण बदकाची अंडी कोंबडीखाली बसवायचा हात एकट्या तुमचाच. तांबडी कोंबडी खुडूक झाली होती, अंडी उबवायला बसायच्या बेतात. पाटीत भाताचा पेंढा, त्यावर सात अंडी, आणि वीज कडाडली तर ती बिघडू नयेत म्हणून कडेला मोडक्या विळ्याचं पातं. कोंबडी काही बदकासारखी पाण्यातून येऊन अंड्यांवर बसत नाही, म्हणून तुम्ही रोज ओल्या हातानं त्यांच्यावर पाणी शिंपडायचात.

आणि मग मागच्या पायरीवर शेवाळावरून घसरलात.

तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. खुब्याचं हाड मोडलंय, पण काळीज इतकं थकलंय की भूल झेपायची नाही. घरी न्या, जे खातील ते द्या. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. तुमचा लेक रिक्षात बसताना मला एवढंच म्हणाला, "आईला काय कळू द्यायचं न्हाई." आणि मी मान डोलावली. फार सोपं होतं हो ते, मान डोलावणं.

"पंधरा दिवसांत चालाल," मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "अंड्यावर पानी मारलंस का?"

नव्हतं मारलं. आठ दिवस मला त्यांची आठवणही झाली नव्हती. सातातलं एकच फुटलं, तेही दीड दिवस धडपडून. बाकीची सडली. जे बाहेर आलं त्याचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकलेले. उभं राहायला गेलं की पोटावर आपटायचं. मी म्हटलं, हे काही जगत नाही. तुम्ही खाटेवरूनच ओरडलात, "पेपर काड त्याच्याखालनं! पाय घसरत्यात त्याचं! गोनपाट घाल!"

काय हुकूम सोडत होतात तुम्ही! जुन्या लुगड्याची बोटभर पट्टी फाडायला लावलीत, दोन्ही पाय अंतर ठेवून बांधायला लावलेत. उकडलेल्या अंड्याचा बलक, गुरगुट्या भात, आणि पाण्यात चोचीचं फक्त टोक बुडवायचं. "पान्यात सोडायचं न्हाई. बदकीनीच्या पोटाखाली आसतं तर तिच्या पिसांचं तेल लागलं आसतं ह्याला. कोंबडीकडं कुटलं आलंय त्येल? भिजलं की मेलं." हे तुम्ही एकदा नाही, चारदा सांगितलं होतं.

तुमच्या खोलीतला प्लग जळालेला, म्हणून पिल्लाची टोपली, उबेला वर बल्ब लावून, स्वयंपाकघरात ठेवली. सकाळ-संध्याकाळ मी पिल्लू आणून तुमच्या तळहातावर ठेवायची. मोतीबिंदूमुळं तुम्हाला ते पिवळं धुकंच दिसत असेल, पण बोटांनी तुम्ही सगळं बघायचात. चौथ्या दिवशी ते तुमच्या छातीवर दोन पावलं चाललं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "ते उभं ऱ्हायलं ना, आता मीबी उभी ऱ्हाते बग."

मला तेव्हा बरं वाटलं. आता वाटतं, त्याच क्षणी तुम्हाला खरं सांगायला हवं होतं.

शनिवारी बंगल्यावर पाहुणे आले. सकाळीच वीस जणांचे पोहे, मग पुऱ्या. पिल्लाचं बूड घाणीनं चिकटलं होतं, स्वयंपाकघरात वास सुटला होता. मी घमेल्यात चार बोटं कोमट पाणी घेतलं आणि त्याला त्यात ठेवलं. पट्टी सोडली, तेवढी अक्कल होती! मनात म्हटलं, बदकाच्या जातीचं आहे, पाण्यानं काय होतंय त्याला. आणि पुऱ्या तळायला गेले. एक घाणा, दुसरा घाणा, मग वरून कुणीतरी लोणचं मागितलं.

परत आले तेव्हा ते कडेला मान टेकून पडलं होतं. पिसं अंगाला चिकटून एवढंसं झालं होतं. पदरात गुंडाळलं, बल्बखाली धरलं, तोंडानं ऊब दिली. दुपारी ते माझ्या हातातच गार झालं. तुमचे शब्द कानात असताना मी मारलं त्याला, आत्या. दुसरं कुणी नाही.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "कसं हाय?" मी म्हटलं, "झोपलंय." रविवारी, "आत्ताच खाल्लंय, पोट जड आहे." सोमवारी तुम्ही ताट मागं सारलंत. "आदी पिल्लू आन, मग जेवते."

मंगळवारी मी जे केलं ते लिहिताना हात अडतोय. शेजारच्या मावशींकडून कोंबडीचं चार दिवसांचं पिल्लू आणलं. चांगलं धट्टंकट्टं. त्याच्या नीट पायांना तीच लुगड्याची पट्टी बांधली. चोच कळू नये म्हणून डोकं माझ्या मुठीत धरलं आणि बाकीचं अंग तुमच्या तळहातावर टेकवलं. "बघा, किती भरलंय," मी म्हणाले. माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. त्याचंच मला जास्त भय वाटतं.

तुमचा अंगठा त्याच्या पाठीवरून खाली गेला. पायापाशी थांबला. मग एकेका बोटाच्या मधून फिरला. तिथं बदकाचा पडदा नव्हता.

बराच वेळ अंगठा तिथंच राहिला. मग म्हणालात, "पट्टी सोड गं त्याची. त्याला कशाला बांदतीस?"

तेव्हाच मला कळलं होतं का? हो, कळलं होतं. तरी मी "बरं" म्हणून ते उचलून नेलं. वाटलं, तुम्ही एका पिल्लाचं दुःख गिळलंत, सुटले मी! पण तुम्हाला पिल्लू मेलंय एवढंच कळलं नव्हतं. ज्या तोंडानं ते भरलंय म्हणाले, त्याच तोंडानं मी रोज तुम्हाला "चालाल" म्हणत होते. तुम्ही दोन्ही एकदमच ओळखलंत. त्यानंतर ना पिल्लाचं विचारलंत, ना पायाचं.

त्याच संध्याकाळी म्हणालात, "कमलला बोलवून घे."

कमलवन्संना आम्ही काय सांगितलं होतं? किरकोळ मुका मार आहे, घाईनं येऊ नका. तळेगावच्या पुढची इंदुरी ती किती लांब? पण त्या आल्या असत्या तर खाटेला धरून रडल्या असत्या, आणि आमचं सगळं बिंग फुटलं असतं. म्हणून मी म्हणाले, "सोमवारी बोलवू. शनिवार-रविवार पाहुणे आहेत." तुम्ही गुरुवारी परत विचारलंत. फोन माझ्या कमरेला होता, आत्या. मी तो काढला नाही. तुमच्या लेकाला बोल लावता आला असता, पण विचारलंत तेव्हा खोलीत मी एकटीच होते.

शनिवारी तुम्ही विचारलं नाहीत, नुसतंच "कमल" म्हणालात, भिंतीकडं तोंड करून. रविवारी पहाटे गेलात. तेव्हा कुठं फोन केला, आणि वन्सं तासाभरानं पोहोचल्या. तुमचे पाय धरून म्हणत होत्या, "मुका मार म्हनला व्हता ना वैनी?"

आणि काल, पंगत उठल्यावर भांडी घासताना त्यांनी मला हळूच विचारलं, "आईनं शेवटाला माजं नाव काडलं व्हतं का गं?"

मी काय म्हणाले असेन? "एकदम गेल्या, काही बोलल्याच नाहीत."

त्यांनी "आसंल" म्हणून मान खाली घातली आणि परात दुसऱ्यांदा घासायला घेतली. वर्षभर ही बाई मनात घोळवत होती, आईला शेवटी आपली आठवण झाली की नाही. नाही झाली, असं कुणी समजावलं तिला? मीच ना! तुम्हाला फसवताना निदान मनात माया तरी होती. काल तीही नव्हती. काल मी फक्त स्वतःला वाचवत होते.

मला तुमची माफी मागायचीही लाज वाटते. तुम्ही ती दिली असती, हे ठाऊक आहे म्हणून जास्तच.

उद्या शनिवार. बंगल्यावर बारा जण येणार आहेत. त्यांचा चहा त्यांनी नाहीतर तुमच्या लेकानं करावा. मी सकाळच्या गाडीनं इंदुरीला जाते. वन्संच्या ओट्यावर बसून सांगेन, तुमच्या आईनं तुम्हाला मंगळवारी बोलावलं, गुरुवारी बोलावलं, आणि मी बोलावू दिलं नाही. त्यांनी हाकलून दिलं तर जाईन. पण शनिवारी तुम्ही नुसतंच त्यांचं नाव घेतलंत, ते ऐकवल्याशिवाय उठणार नाही. हा माझा शब्द.

तुमची सून,
सुनंदा