पाया वाळेपर्यंत

उस्ताद, आज तुमच्यावर लई राग आलाय, आणि तुम्हाला जाऊन तर कितीतरी वर्षं झाली. समोर भांडायला माणूस न्हाई, म्हणून लिहायला बसलो.

लेकीनं सीताफळाचा गर काढायची जुनी मशीन परदेशातून मागवली. कंटेनर मुंबईच्या बंदरात उतरला तेव्हा आमच्या शेडमध्ये मशीनचा पाया नुकताच भरला होता. मला तुमचं वर्कशॉप आठवलं. नांदूरघाटच्या गिरणीचं इंजिन मी ओल्या पायावर चढवलेलं, आणि तुम्ही पाना आपटून सगळ्यांसमोर ओरडताय, "कावून घाई करायलास बे? बोल्ट उपटून येतील! पाया वाळला की मशीन एकदाच उचलायची, थेट जागेवर ठेवायची." दुपारी मात्र गुपचूप तुमच्या डब्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवलीत.

तेच धरून मी लेकीला म्हणालो, "राहू दे तिथंच, पाया पक्का होऊ दे." मला वाटलं, बंदर म्हणजे एसटीचं पार्सल ऑफिस. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ पायावर पाणी मारलं, मग बंदरातून माल सोडवणाऱ्या एजंटाला फोन केला. तो म्हणतो, "काका, फुकटाचे दिवस कवाच संपले. आता जागेचं भाडं बंदराला, कंटेनरच्या डब्याचं भाडं जहाज कंपनीला. रोजचं, आणि दर चढता."

"रविवारचंबी?"

"रविवारचंबी."

"आरं, डबा त्यांचा, जागा त्यांची, मी काय पळवून नेलं का?"

तो हसला. माझं डोकं तापलं. मजुरीला आणि क्रेटला ठेवलेले पैसे त्या भाड्यात गेले. कमी पडले ते जमवून मशीन सुटेस्तोवर डोंगरातली सीताफळं पिकून मऊ पडली. बायांनी भरून आणलेल्या पाट्या लेकीनं बीडच्या बाजारात मिळेल त्या भावानं विकल्या. आता मशीन बसलीय, फळ संपलंय. पाया असा झालाय की हातोडा मारला तर हातोडाच उडतो.

"आबा, कुणाला विचारायचं तरी," लेक म्हणाली. मी म्हणालो, "उस्तादांची शिकवण होती." ती तुमच्यावरच चिडली, आणि मी चिडू दिलं.

एजंटाचा कागद पहिल्याच दिवशी माझ्या मोबाइलवर आला होता, उस्ताद. इंग्रजीत. फुकटाचे दिवस किती, ते त्यातच लिहिलेलं. लेकीकडून वाचून घ्यायची लाज वाटली. "मशीन उतरली म्हणतोय," एवढंच तिला सांगितलं. हे तुमच्या कबरीपाशी वाचणार होतो, पण न्हाई वाचणार. तिथं लेक सोबत येते.