उकळलेली नळी

सोमवार
लागली एकदाची नोकरी. प्रयोगशाळेत नळ्या नि काचेची भांडी धुवायची. जागा झक्क आहे. खिडकीखाली मोठं बेसिन, नळाला गरम पाणी. ताई, ही वही तूच दिलीस, म्हणालीस, दिवसभराचं लिहीत जा, अंथरुणावर पडल्या पडल्या तेवढीच मला करमणूक. घे, वाच. अक्षराला नावं ठेवलीस तर उद्यापासून चित्रं काढीन.

मंगळवार
इथं तुझ्याच आजारावर काम चालतं. रक्तात एन्झाइम नावाचं काहीतरी असतं. ते नळीत काम करायला लागलं की पाणी पिवळं होतं. जितकं गडद पिवळं तितका त्याला जोर. तुझ्या रक्तात तो जोरच नाही. एक नळी मुद्दाम उकळतात. उकळलं की एन्झाइम मेलं, ती नळी बिनरंगीच राहायला हवी, नाहीतर बाकीचं मोजमाप खोटं. ताडून बघायला धडधाकट माणसाचं रक्त हवं होतं. मी म्हटलं, घ्या माझं, म्हशीसारखी आहे. छोटी बाटली भरून घेतलं. तुझ्यासाठी दिलंय, उपकार विसरू नकोस.

गुरुवार
माझ्या रक्ताची उकळलेली नळी पिवळी झाली. इथल्या मुख्य बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, नळी नीट धुतली नसेल. माझं डोकं सणकलं. त्यांच्या नाकासमोर नवी नळी घासून दिली. परत उकळली, परत पिवळीजर्द. आणि उकळताना चटका मला बसला. मी तर दाराशी उभी होते. बोटांवर फोड आलेत.

शनिवार
बाटली फ्रीजरमध्ये ठेवली की मला हुडहुडी भरते. बाहेर काढली की थांबते. बाईंना सांगितलं तर हसल्या, म्हणाल्या, या वयात बायकांना होतंच असं, घडीत गरम घडीत गार. म्हटलं, माझं वय काढू नका, ते रक्त ओतून टाका. तर म्हणतात, उकळून न मरणारं एन्झाइम कुणाच्या बापाला मिळालं नाही, तुम्हाला बहीण जगवायची नाही का. तुझं नाव घेऊन माझं तोंड बांधलं. संताप त्याचा आहे.

सोमवार
आज माझ्या रक्ताच्या दुप्पट नळ्या उकळल्या. पाठ भाजली. अख्खी. बाई म्हणाल्या, गरम पाणी अंगावर सांडून घेतलंत नि आमच्या नावानं खडे फोडताय. म्हटलं, चालले मी सोडून. जा की, म्हणाल्या, रक्त इथंच आहे.

मंगळवार
उरलेली बाटली सगळी उकळणार आहेत. सगळी. बाई चहाला गेल्यात — मी बाटली उचलली — बेसिनमध्ये उपडी केली, नळ पूर्ण सोडला. घ्या, मोजा आता. ताई, तू रागावू नकोस, तुझ्यासाठी दुसरं कुणीतरी —

पाय हलके लागतायत. हात पांढरा. नखंसुद्धा.

बेसिनमध्ये अजून लाल वाहतंय — बाटली एवढीशी, इतकं कुठून —

नळ बंद केला. तरी वाहतंय. बोळा कोंबते भोकात — हात पोचत — ताई, हे थांब