रक्तवाहिनीजवळचं तापमान

१७ सप्टेंबर १९९६, मुनिरका

पुन्हा वीज गेली आणि दुपारपासून चाललेलं गणित बुडालं! डिपार्टमेंटचा यूपीएस चहा संपेपर्यंतही टिकत नाही. पीएचडीचे गाइड म्हणाले, "चलो, फिर से लगाओ." त्यांचं काय जातं.

उद्या नोएडा. तिथल्या नव्या हॉस्पिटलात कॅन्सरची गाठ तापवून मारायचं मशीन आलंय. गाठ त्रेचाळीस अंशांवर तासभर ठेवली की मरते, आजूबाजूचं चांगलं मांस तगतं. मशीनची किती ताकद लावली की आत कुठे किती तापेल, हे मी कॉम्प्युटरवर काढतो. तीन वर्षं हेच चाललंय. खरी गाठ अजून पाहिलेली नाही.

१८ सप्टेंबर

पाहिली. तानूबाई. लष्करातले हवालदार धोंडीराम यांची बायको, राहणं दिल्ली कँटमध्ये, गाव साताऱ्याकडचं. डाव्या पोटरीत गाठ. सर्जन म्हणतात, पाय गुडघ्याच्या वर काढा. ती ऐकत नाही, म्हणून हे मशीन. पेशंट जागी असावी लागते. चटका बसला की तिनं सांगायचं, मग ताकद कमी करायची. मशीन चालवणाऱ्या डॉ. सभरवालना मराठी येत नाही, तिला हिंदी धड बोलता येत नाही. म्हणून मी दुभाष्या. पीएचडीचा हा उपयोग घरी कळवायला हवा.

पण ती काही सांगेल तर ना. भाजतंय का? "न्हाई." घामानं उशी भिजली होती. मी म्हटलं, वहिनी, दुखलं तर सांगायचंय, इथे शौर्य दाखवायचं नाही. "न्हाई वो मास्तर, बरं हाय." गणित करतो म्हटल्यावर मी मास्तर झालोय.

सभरवाल खूश. "बहुत अच्छी पेशंट है, यार."

२५ सप्टेंबर

दुसरी बैठक. पुन्हा हूं की चूं नाही.

धोंडीराम बाहेर ताठ बसलेले. सगळीकडे संगमरवर आणि एसी, खिडकीबाहेर नुसत्या मोकळ्या प्लॉटवर क्रेन. मला चहा पाजला. म्हणाले, "साहेब, ही चालायला लागली की मला गाठायला पळावं लागायचं. रिटायर झालो की गावी जायचं आमचं. पाय नसला तर शेताच्या बांधावरून कशी जायची ही?" बघू, म्हणालो. मला साहेब म्हणू नका, हेही म्हणायला हवं होतं.

१ ऑक्टोबर

तिच्या पोटरीची मापं घालून गणित लावलं. गाठीला चिकटून एक मोठी रक्तवाहिनी जाते. तिच्यातलं वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं, पंख्याखाली चहा निवतो तसं. तापमान मोजायला गाठीच्या बाहेरच्या भागात टोचलेल्या सुया त्रेचाळीस दाखवतात. माझंही तेच येतं. पण वाहिनीजवळ माझ्याकडे चाळीस! म्हणजे तेवढा भाग मरत नाही. तिथूनच पुन्हा वाढणार, फुप्फुसात जाणार, आणि मग पाय काढूनही उपयोग नाही.

वाहिनीजवळ सुई टोचता येत नाही, रक्तस्राव होईल. तिथे फक्त माझं गणित पोचतं.

पुन्हा लावलं. चाळीसच.

३ ऑक्टोबर

गाइडना दाखवलं. रक्ताच्या वेगाचा आकडा कुठून घेतला, त्यांनी विचारलं. पुस्तकातून, सगळे तोच घेतात. "तो ठीक है. पेपर लिखो." आणि पेशंटचं काय? "वो डॉक्टर जाने."

मग सभरवालांना कागद दाखवला. "मैं रिस्क नहीं लूँगा, पाँव कटवाना होगा. पर मेरी तो सुनती नहीं. आप बोलिए, आपकी सुनेगी."

चीड आली. मग जरा बरंही वाटलं, माझ्या आकड्यावर कुणी काही ठरवतंय म्हणून. हेही लिहून ठेवतो.

५ ऑक्टोबर

कँटला गेलो. तिनंच विचारलं. "मास्तर, खरं सांगा. आत पोचतंय का?"

नाही पोचत, म्हणालो.

"पाय काढला तर जगंन?"

जगायची शक्यता खूप वाढेल, म्हणालो.

ती म्हणाली, "काढू द्या. मास्तर शिकल्यालं हायत, खोटं कशाला सांगतील."

बस न घेता मुनिरकापर्यंत चालत आलो.

११ ऑक्टोबर

पाय काढला.

२४ ऑक्टोबर

सभरवालांचा फोन. काढलेल्या पायातली गाठ तपासली. पूर्ण मेलेली. वाहिनीला चिकटलेला भागसुद्धा. नुसती गाठ काढून पाय ठेवता आला असता.

"आपका चालीस कहाँ गया?" रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

२९ ऑक्टोबर

प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली. चूक नाही. मग आत इतकं तापलं कसं? तिला अजून कुणीच काही सांगितलेलं नाही. मीच सांगणार.

२ नोव्हेंबर

कँटला गेलो. मी बोलायच्या आत तीच बोलली. मशीन लावायच्या आधी ती साडीच्या आत मांडीला चिंधी करकचून बांधायची, ओरडू नये म्हणून. "डोस्कं दुखलं की बांधतो ना, तसं. पाय बधिर व्हायचा. तुमाला सांगितलं असतं तर सोडाया लावली असती."

रक्त अडत होतं; माझ्या गणितात ते पुस्तकातल्या वेगानं वाहत होतं. म्हणून आतपर्यंत तापत होतं. ती चिंधी तिचा पाय वाचवत होती.

"मास्तर, त्येच्यामुळंच बिगडलं का वो? माझ्यामुळंच गेला का पाय?"

नाही, म्हणालो. एवढंच म्हणालो.